प्लॅनमधलं माणूस चुलीपाशी जाऊन बसायचं

या ग्रुपवर मी आजपर्यंत नुसती वाचायला होते. आणि खरं सांगू का... हसायला! कुणाला पिंपळाखाली काय दिसलं, कुणाच्या गाडीवर मागे कोण येऊन बसलं — मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवायचे आणि आम्ही दोघी खिदळायचो. आमच्या घरात नवी गाडी अमावास्येला आणलीय, एवढी आमची श्रद्धा! त्यामुळे आज मीच इथं टाईप करायलेय याचं मलाच नवल वाटायलंय. चुका समजून घ्या, मी लय फास्ट लिहिते आणि परत वाचत नाही.

तर आधी मी कोण ते. गाव झरी, इंटिरिअरचा डिप्लोमा, राहते सेलूला. जिनिंगच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तेच घर आणि तेच ऑफिस. लोक घर बांधायच्या आधी माझ्याकडून थ्रीडी करून घेतात. "मॅडम, पिलर जरा जाड दाखवा, भावकीला दिसायला पाहिजेत" — असली कामं. बॅचमधल्या सगळ्या पुण्याला गेल्या. कापसाचा सीझन असला की गल्लीत गाड्यांची रांग असते, हमालांचा आरडाओरडा असतो, बरं वाटतं. सीझन संपला की कुत्रं पण फिरकत नाही. डब्यावाल्या काकू डबा दाराला अडकवून खालूनच हाक मारतात आणि जातात. मी दिवसभर लोकांच्या डायनिंग टेबलला सहा-सहा खुर्च्या लावते आणि स्वतः लॅपटॉपसमोर मांडी घालून जेवते. असो. रडगाणं नाही, पुढं हे लागणार आहे म्हणून सांगितलं.

अजून एक गोष्ट लागणार आहे. मी वापरते ते घर डिझाइन करायचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. मापं टाकून भिंती ओढायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या, फर्निचर ठेवायचं, मग आत फिरून बघायचं. प्लॅनवर एक छोटं निळं माणूस असतं. ते माणूस म्हणजे आपले डोळे. ते जिथं ठेवाल, जिकडं त्याचं तोंड कराल, तसं घर दिसतं. त्याची उंची उभ्या माणसाएवढी ठरलेली असते, पाहिजे तर बदलता येते. आणि ते डिलीट होत नाही. कुठंतरी असतंच.

आता मुद्दा. देवगाव फाट्यापासून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, लोक माझ्या ओळखीचे आहेत. गावाबाहेर महादेवाचं जुनं देऊळ, समोर फरसबंदी अंगण, आणि अंगणापलीकडं देवळाकडं तोंड करून निजामाच्या काळातली दगडी धर्मशाळा. बैलगाडीनं जाणारी-येणारी माणसं तिथं उतरायची, त्यांच्यासाठी अन्नछत्र होतं. मधोमध मुदपाकखाना, म्हणजे सैपाकघर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमानींच्या ओसऱ्या. देवस्थानच्या कमिटीला ती पहिल्यासारखी करायची होती. वरचं सिमेंट काढून चुना, बुजवलेल्या कमानी मोकळ्या, आणि मुदपाकखान्यात टाईल्स बसवून ऑफिस. गावाला दाखवायला थ्रीडी पाहिजे होतं. माझं पहिलं असं काम! एरवी मी स्लॅबचीच घरं करते.

स्कूटीवरून उतरले तर कमिटीचे बापू मला खालून वर बघायले.

"मला वाटलं इंजिनेर येणार हाय."

"मीच आलेय बापू."

"आसं व्हय. बरं बरं, आमाला कामाशी मतलब. फकस्त ह्यो फलक कंपुटरात नीट दिसला पायजे बरं का. आमच्या वडलांनी बसवलाय."

मुदपाकखान्याच्या अंगणाकडच्या भिंतीवर दणदणीत संगमरवरी फलक होता. देणगीदारांची नावं. सगळ्यात वर बापूंच्या आजोबांचं. देवळातून बाहेर पडलं की पहिली नजर त्याच्यावरच पडणार, अशी जागा बघून लावलेला.

मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला वच्छाआत्या आल्या. धर्मशाळेच्या मागच्या खोलीत राहतात, एकट्याच. सत्तरीच्या पुढं असतील. अंगण झाडतात, देवाचं पाणी भरतात. अख्खं गाव त्यांना आत्याच म्हणतं. दुपारी त्यांनी मला भाकरी आणि पेंडपाल्याची भाजी वाढली.

"तुमी पण बसा की आत्या."

"तू जेव आदी. शेवटचं माणूस जेवल्याबिगर मी बसत न्हाई. माईची सवय हाय ती."

"इथं मी एकटीच तर आहे."

"मंग तूच शेवटची. खा गप."

माई म्हणजे त्यांची आई. नवरा गेल्यावर अन्नछत्रात सैपाकाला राहिली. तिथला नेमच होता, शेवटचं माणूस जेवून उठल्याशिवाय सैपाकिणीनं चूल सोडायची नाही. आणि गाड्या तर कधीही यायच्या. शेवटचं माणूस उठेपर्यंत देवळाला कुलूप लागलेलं असायचं.

"समोर देव हाय बग. चार पावलं. पर माईनं त्या देवळाची पायरी कदी चढली न्हाई," आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "गावातल्या बाया तिला पाठमोरी म्हणायच्या. देवाला पाठमोरी. मेली तवा मी हितंच बसले होते, आन् माज्या कानावर आलं... जलमभर देवाच्या दारात राहून देवाचं तोंड न्हाई पाह्यलं, हिला कुठली गती मिळंल. तेवढंच सलतंय बग मला. लेकरू मी तिचं, पर मलाबी उत्तर देता आलं न्हाई. खरंच तर हाय, म्हणलं. पाह्यलंच न्हाई तिनं."

मग हळूच — "तुज्या कंपुटरात मागचं दिसतं का गं?"

"नाही हो आत्या. मी मापं टाकते तेवढंच दिसतं."

"बरं," म्हणाल्या. "मला वाटलं दिसत आसंल."

सेलूला येऊन मॉडेल सुरू केलं. लय मजा आली पहिल्यांदा! त्या सॉफ्टवेअरमध्ये पियानो आहे, बाथटब आहे, फायरप्लेस आहे, पण चूल नाही. मी चौकोनी ठोकळे जोडून चूल केली. पाट म्हणजे एक फळी. कमानी जमवायला लय घाम निघाला. देऊळ नुसतं साधं ठोकळ्याचं केलं, पण दार आणि आतला गाभारा मापात ठेवला. ऑफिसच्या आधी जुना मुदपाकखाना कसा होता तेही दाखवावं, असं डोक्यात होतं. काम सेव्ह करताना निळं माणूस अंगणात उभं केलं, तिथून धर्मशाळा समोरून छान दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर सगळी स्क्रीन करड्या रंगाची. काहीच नाही. मला वाटलं लॅपटॉप हँग झाला. प्लॅन बघितला तर निळं माणूस अंगणात नव्हतंच. मुदपाकखान्यात होतं, चुलीपाशी, अंगणाकडच्या भिंतीला तोंड करून. त्याला दिसत होती ती भिंत! आणि उंची कमी झालेली. उभ्या माणसाच्या निम्म्याच्याही खाली.

माझाच हात लागला असेल म्हटलं. परत अंगणात नेलं, उंची नीट केली, सेव्ह केलं.

परत उघडली — परत चुलीपाशी. तीच जागा, तीच उंची, तीच भिंत.

हे मग रोजचंच झालं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. काही फरक नाही. माझ्या बाकीच्या फाइलींमध्ये असलं काही नाही, तिथं माणूस सोडलं तिथंच थांबायचं. मग मी एकदम कोरी फाइल घेतली. चूल नाही, पाट नाही, फलक नाही, नुसत्या भिंती ओढल्या. बंद केली. उघडली. चूलच नव्हती त्या खोलीत... पण माणूस तिथंच जाऊन बसलेलं!

बसलेलं — हा शब्द मी तेव्हाच वापरायला लागले. कारण त्या दिवशी मी भिंतीला पाठ टेकून फरशीवर मांडी घातली आणि माझ्या डोळ्यांपाशी भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. उठून टेप लावला. प्लॅनमधल्या उंचीपेक्षा इंचभरच जास्त. म्हणजे माझ्यापेक्षा जराशी बुटकी बाई मांडी घालून बसली तर...

बाईच का वाटलं? माहीत नाही.

शिवानीला फाइल पाठवली. शिवानी म्हणजे तीच स्क्रीनशॉटवाली मैत्रीण, पुण्यात एका फर्ममध्ये आहे. तिचा फोन आला, "अगं भिंत बघायला पाठवलीस का मला?"

"तुला पण भिंतच दिसायली?"

"कॅमेरा भिंतीला चिकटवून सेव्ह केलास तर दुसरं काय दिसंल?"

"मी नाही केला गं. आपोआप जातो."

"आपोआप!" ती एवढी हसली, एवढी हसली. "तू त्या खोलीत एकटी राहून येडी व्हायलीस. गुमान पुण्याला ये. आणि हो, ते भूत तिकडंच सोडून ये."

फोन ठेवला. खाली गल्लीत कुणीच नव्हतं. आणि मंडळी, हसू नका... मला भीती नाही वाटली. मला बरं वाटलं. सकाळी उठून लॅपटॉप उघडायचा आणि कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असायचं. मी त्याला अंगणात न्यायचं सोडून दिलं. "बसा, बसा," म्हणायचे आणि दुसरीकडं काम करायचे. डबा आला की त्याच खोलीचा सीन उघडा ठेवून जेवायचे. समोर नुसती करडी भिंत. ती दोघींनी बघायची.

एवढं मात्र सारखं वाटायचं — माणूस कोऱ्या भिंतीकडं काय बघत बसेल?

मग राहिलेली मापं घ्यायचं निमित्त काढून परत गावाला गेले. दुपारची वेळ, आत्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सरळ मुदपाकखान्यात गेले, प्लॅनवर बघून जागा मोजली आणि तिथं मांडी घालून बसले. भिंतीकडं तोंड करून. नाकापुढं चुन्याचा गिलावा, धुरानं काळा झालेला.

मागं सूप पडल्याचा आवाज आला.

आत्या दारात उभ्या होत्या. "ऊठ तिथून," म्हणाल्या. मग लगेच, "न्हाई... बस. ऱ्हाऊ दे. बस."

"काय झालं आत्या?"

"तुला कुणी सांगितलं गं? माई आशीच बसायची. आगदी हितंच. सैपाक झाला, समदे जेवले, तरीबी ह्या भिताडाकडं तोंड करून बसून ऱ्हायची. लोक म्हणायचे येडी झाली. मी म्हणायची, माई, इकडं फीर की गं, भिताडात काय हाय? तर म्हणायची, आसू दे."

मी विचारलं, "ही भिंत पहिल्यापासून अशीच होती?"

"मी आले तवा आशीच होती. माजं ल्हानपण मामाकडं गेलं. जाणती झाले तवा माईपाशी आले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. निळं माणूस, उंची, कोरी फाइल. लॅपटॉप काढून दाखवलं पण. त्या लय वेळ त्या निळ्या चिन्हाकडं बघत बसल्या. हात लावू का, म्हणाल्या. बोट स्क्रीनवर टेकवलं आणि लगेच काढून पदराला पुसलं, स्क्रीन खराब होईल म्हणून.

मी बाहेर अंगणात आले. त्या जागेच्या बरोबर पलीकडं, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय होतं सांगा? फलक.

बापूंना गाठलं. फलकाखाली ओल धरली होती, ते खोटं नव्हतं. म्हटलं, चुन्याचं काम करायचं तर आधी फलक काढावा लागंल.

"आजोबाचं नाव हलवायचं म्हंता?"

"हलवायचं नाही बापू. काम होईपर्यंत बाजूला टेकवून ठेवायचं."

"लोक काय म्हणतील? कमिटीत भांडणं झाली म्हणतील."

आत्या मागून म्हणाल्या, "बापू, आजोबा काय उठून चाललेत का? दगूड हाय त्यो. काढ."

बापूंनी गवंडी बोलावला. तास-दीड तास ठोकठोक चालली आणि फलक अख्खा निघाला. मागं काळ्या दगडाची भिंत, आणि त्या दगडात लाल विटांचा एक चौकोन. चारी बाजूंनी घडीव दगडाची चौकट, कोपऱ्यात छोटीशी नक्षी. एवढी खाली, की उभ्या माणसाला ती खिडकी वाटलीच नसती.

बापू डोकं खाजवत म्हणाले, "वडील सांगायचे खरं... फलक भरभक्कम बसावा म्हणून एक भोक बुजवलं म्हणून. मला वाटलं मोरीचं आसंल."

गवंड्यानं विटा आणि त्यामागचा आतला गिलावा काढला. आतला अंधार दिसायला लागला. मी पळत आत गेले आणि आत्यांना त्या जागेवर बसवलं.

मी मागं उभी होते. मला खिडकीतून फक्त अंगणाची फरशी दिसत होती, बाकी काही नाही. म्हणून मीही त्यांच्या शेजारी खाली बसले. आणि मंडळी... अंगण, त्याच्यापलीकडं देवळाचं दार, दाराच्या आत काळोख, आणि त्या काळोखात मधोमध नंदादीपाची ज्योत. भरदुपारी. एवढीशी, पण स्पष्ट. तिच्या उजेडात पिंडीवरचं बेलाचं पान पण दिसत होतं.

उभं राहिलं की काही नाही. बसलं की देव.

मी आत्यांकडं बघायचं टाळलं. त्या म्हणाल्या, "रोज पाहत होती गं ती."

मग अगदी हळू — "आन् बुजवल्यावर बी बसत होती. बुजवल्यावर बी."

बापू बाहेरून वाकून खिडकीतून आत बघत होते. आत्या तिथूनच ओरडल्या, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "बापू! सांग गावात. माजी माई पाठमोरी न्हवती. सांग समद्या बायांना!"

"सांगतो आत्या," बापू म्हणाले. खाली बघून फेट्याचा शेमला नीट करायले. "आन् फलक तिकडं ओसरीत लावू. तिथं उजेडबी बरा हाय."

ऑफिस रद्द झालं. मुदपाकखाना आहे तसाच ठेवायचं ठरलं, चूल पण.

सेलूला येऊन मी मॉडेलमध्ये ती खिडकी टाकली. मापात. नंदादीप पाहिजे होता, पण समई, पणती, असलं त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच नाही. शेवटी एक टेबल लॅम्प घेतला, बारीक केला आणि गाभाऱ्यात ठेवला. माणूस चुलीपाशीच होतं, मी हात लावला नाही. सीन उघडला. करडी भिंत नव्हती. खिडकी, अंगण, दार आणि आत पिवळा उजेड. सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर माणूस देवळाच्या पायरीवर होतं. उभं. पूर्ण उंचीचं.

मी नेलं नव्हतं. आईशप्पथ नेलं नव्हतं.

त्यानंतर ते कधी आपोआप हललं नाही. अंगणात सोडलं तर अंगणात. ओसरीत सोडलं तर ओसरीत. आता इतर फाइलींसारखीच ती एक फाइल. शिवानी म्हणते सॉफ्टवेअरचा बग होता. असेल. पण बगला एका बाईची बसायची उंची कशी कळली? कोऱ्या फाइलीत तिची जागा कशी सापडली? मी गिलाव्यातली भेग-बिग नकळत बघून आपणच माणूस तिथं नेत होते का, हाही विचार करून झाला. जमत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा... फक्त 'सेव्ह झालं असेल' हे सोडून.

आणि एक सांगते, मग थांबते. पहिले काही दिवस मला लय सुनं सुनं गेलं. सकाळी लॅपटॉप उघडायचा आणि त्या खोलीत कुणी नाही. मी कधीकधी स्वतःच निळं माणूस उचलून चुलीपाशी नेते, उंची कमी करते आणि डबा उघडते. तेवढ्यात फोन वाजतो. आत्यांचा असतो. बापूंकडून नंबर लावून घेतात. रोज दुपारी, न चुकता.

"जेवलीस का?"

"जेवायलेय आत्या."

"व्हऊ दे निवांत. तुजं झालं की सांग," म्हणतात. "मंग मी बसते."